झाडातली लस : केळं मागे राहिलं, तंबाखू पुढे गेली

मागच्या वेळी कुठल्यातरी उत्तरात मी सहज एक ओळ लिहून गेले की तंबाखूच्या जातीच्या झाडात लस बनवता येते आणि बनवलीही गेलीये. त्यावर एवढे प्रश्न आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं. तेच तेच प्रश्न एकत्र केलेत. मी स्वतः काही वर्षं प्रयोगशाळेत याच झाडांच्या पानांत सिरिंज दाबत बसलेय त्यामुळे मध्येच लांबण लागली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : शाळेत असताना वाचलेलं की पुढे इंजेक्शन वगैरे काही नसणार, मुलांना लसवालं केळं खायला दिलं की काम झालं. आता माझा मुलगा दहावीला आला तरी ते केळं काही आलं नाही. ती बातमी खोटी होती का?

उत्तर : खोटी नव्हती हो, अर्धवट होती. चार्ल्स आर्न्टझन म्हणून अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ, ते बँकॉकला गेलेले असताना त्यांना एक आई रडणाऱ्या बाळाला केळं भरवताना दिसली आणि तिथून त्यांना ही आयडिया सुचली असा किस्सा सांगतात. फ्रिज नको, सुई नको, डॉक्टर नको, झाड लावलं की लस. ऐकायला इतकं छान आहे ना की पेपरवाल्यांनी ते उचललं नसतं तरच नवल. आणि आर्न्टझन नुसते बोलून थांबले नाहीत, १९९२ मध्ये त्यांच्या टीमने हिपॅटायटिस बीच्या व्हायरसच्या अंगावरचं प्रोटीन तंबाखूच्या पानात खरंच बनवून दाखवलं. यीस्टमध्ये बनवलेल्या लसीत जसे त्याचे बारीक गोळे होतात तसेच गोळे पानातही आपोआप तयार झाले. फक्त प्रमाण बघा, पानातल्या विरघळणाऱ्या प्रोटीनच्या जेमतेम ०.०१ टक्के.

मग आले बटाटे. केळीच्या झाडाला फळ धरायला फार वेळ लागतो आणि त्यात जनुक घुसवणंही किचकट, बटाट्याचं त्या मानाने पटकन होतं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या ट्रायलचा निकाल छापून आला, जुलाब घडवणाऱ्या ई. कोलाय बॅक्टेरियाच्या विषाचा एक निरुपद्रवी तुकडा बटाट्यात बनवलेला आणि तो लोकांना खायला दिलेला. कच्चा! शिजवला की प्रोटीन मोडतं म्हणून कच्चा बटाटा चावून चावून खायचा. ११ जणांनी तो लसवाला बटाटा खाल्ला आणि त्यातल्या १० जणांच्या रक्तात अँटिबॉडी चांगल्या वाढल्या. म्हणजे खाऊन लस लागते हे सिद्ध झालं की. नंतर २००५ मध्ये हिपॅटायटिस बीच्या बटाट्याचा निकाल आला, ही मंडळी आधी नेहमीची लस घेतलेली होती, बटाटा फक्त बूस्टर म्हणून. तीन वेळा खाल्लेल्या १६ पैकी १० जणांच्या अँटिबॉडी वाढल्या.

आता तुम्ही म्हणाल मग अडलं कुठे. अडलं ते डोसवर. एका फळात प्रोटीन जास्त, शेजारच्यात कमी, पिकल्यावर वेगळं, दोन दिवस ठेवल्यावर आणखी वेगळं, आणि पोराने अर्धं खाऊन अर्धं टाकलं तर किती डोस गेला कुणाला माहीत. इंजेक्शनच्या बाटलीवर मायक्रोग्रॅममध्ये आकडा लिहिलेला असतो, केळ्यावर काय लिहिणार? कमी पडला तर लस लागत नाही. आणि जास्त झाला किंवा रोज रोज पोटात गेला तर उलटीच गंमत, आपल्या आतड्याला सवयच आहे की खाल्लेल्या गोष्टीशी भांडायचं नाही, नाहीतर जेवणच अंगावर आलं असतं ना रोज. तीच सवय लसीच्या बाबतीत लागली तर शरीर त्या प्रोटीनकडे दुर्लक्ष करायला शिकतं, म्हणजे लसीचा उद्देशच गेला. शिवाय बाजारातलं साधं केळं आणि लसवालं केळं दिसायला सारखंच, ते एकमेकांत मिसळलं तर?

म्हणून फळ तोंडात देणं हळूहळू मागे पडलं आणि झाडाचा उपयोग फक्त प्रोटीन बनवण्यापुरता करायचा, मग ते काढून गाळून शुद्ध करून बाटलीत भरायचं, यावर गाडी आली. म्हणजे सुई परत आलीच. मला विचाराल तर हे आधीच कळायला हवं होतं, पण केळ्याची गोष्ट इतकी गोड होती की कुणालाच ती सोडवेना.

प्रश्न : झाड लस बनवतं म्हणजे नक्की काय करतं? झाडात व्हायरस सोडतात का? आणि तुम्ही सिरिंज दाबायचा म्हणता ते काय असतं?

उत्तर : रोगाचा व्हायरस झाडात नसतोच. असतं ते त्याच्या एका प्रोटीनचं जनुक, म्हणजे कृती लिहिलेली चिठ्ठी म्हणा. झाडाच्या पेशीला ती चिठ्ठी कुणाची आहे याच्याशी घेणंदेणं नसतं, आली की वाचायची आणि लिहिलंय ते प्रोटीन करत बसायचं.

चिठ्ठी पोचवणारा पोस्टमन मात्र भारी आहे. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला बॅक्टेरिया, प्रयोगशाळेत नुसतं ॲग्रो म्हणतात. हा झाडाच्या जखमेतून आत शिरतो आणि स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या डीएनएत खोचतो, मग तिथे गाठ येते आणि ती गाठ या बॅक्टेरियाला खाऊ पुरवत बसते. म्हणजे माणसाने जनुकं इकडची तिकडे करायच्या कितीतरी आधीपासून याचा हाच धंदा चालू होता. शास्त्रज्ञांनी काय केलं, गाठ आणणारी जनुकं काढून टाकली आणि त्या जागी आपल्याला हवं ते जनुक बसवलं. १९८३ मध्ये याच पद्धतीने पहिली जीएम, म्हणजे जनुक बदललेली झाडं झाली, तीही तंबाखूचीच.

आता सिरिंज. झाड असतं निकोटियाना बेंथामियाना, मूळचं ऑस्ट्रेलियातलं, तंबाखूची चुलत बहीण, प्रयोगशाळेत लाडाने बेंथी म्हणायचं. मऊ पानाचं, चारपाच आठवड्यांचं रोप घ्यायचं. ॲग्रो वाढवून पातळ द्रावण करायचं, दिसायला पाण्यात चमचाभर दूध पडल्यासारखं गढूळ. एक मिलीची सिरिंज, सुई काढून टाकलेली. पान उलटं करून पाठीवर टाचणीने अगदी बारीक ओरखडा, त्यावर सिरिंजचं तोंड टेकवायचं, पलीकडून बोटाचा आधार द्यायचा आणि हळूच दाबायचं. जोर जास्त झाला की पान फाटतं, कमी झाला की सगळं बोटावर ओघळतं. बरोबर जमलं की ओरखड्याभोवती गडद ओला डाग पसरत जातो, आणि जाडशा शिरेपाशी जाऊन थांबतो, शीर ओलांडतच नाही, मग शिरेच्या पलीकडे दुसरा ओरखडा. पहिल्या आठवड्यात मी जितकी पानं भरली त्याहून जास्त फाडली होती. हातमोजे घालूनही बोटांना त्या ॲग्रोचा आंबूस वास दिवसभर येत राहतो असं उगाच वाटत राहतं.

कारखान्यात अर्थातच पानागणिक सिरिंज धरून कोण बसणार. तिथे रोपांचा अख्खा ट्रे उलटा करून पानं द्रावणात बुडवतात आणि टाकीतली हवा ओढून घेतात. पानाच्या आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, मग व्हॅक्यूम सोडला की रिकाम्या झालेल्या जागेत द्रावण सपकन शिरतं. बाहेर काढलेली पानं गडद, काहीशी पारदर्शक आणि जड झालेली असतात. मग रोपं परत सरळ करून पाचसहा दिवस ठेवायची, तेवढ्यात पेशी प्रोटीन बनवून मोकळ्या होतात. मग पानं तोडायची, वाटायची, गाळायची, शुद्ध करायची.

यातली एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. या पद्धतीत ते जनुक बियांत जात नाही. झाड चारआठ दिवस कामाला लावलेलं असतं बस, त्याच्या पोराबाळांना त्याचा पत्ताही नसतो. खरंखुरं जीएम झाड, म्हणजे पिढ्यान्पिढ्या ते जनुक बाळगणारं, हा वेगळा प्रकार, तो बटाट्यात होता आणि पुढे भातात आलाय, खाली येईलच. दोन्हींना सरसकट जीएम म्हणतात आणि मग वादात कोण कशाबद्दल बोलतंय तेच कळत नाही.

प्रश्न : तंबाखूतली लस म्हणजे तिच्यात निकोटिन येणार ना? व्यसन लागेल का?

उत्तर : नाही. बेंथीच्या पानात निकोटिन असतं हे खरं, पण प्रोटीनच्या मानाने निकोटिनचा रेणू इवलासा असतो आणि शुद्ध करताना तो कधीच मागे राहून जातो. तो मागे राहिलाय की नाही हे तपासावंही लागतं. मग तंबाखूच का, तर ती अन्न म्हणून कुणी खात नाही म्हणजे अन्नात मिसळायची भीती नाही, पानं भरपूर, वाढते झरझर, आणि प्रयोगशाळेत वापरतात त्या बेंथीचं व्हायरसशी लढायचं एक जनुक जन्मजात मोडकं आहे त्यामुळे बाहेरून आलेल्या चिठ्ठीला ती फारशी आडकाठी करत नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं हे मोडकं रोप जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन बसलंय ते याच कारणाने.

प्रश्न : मी शुद्ध शाकाहारी आहे. फ्लूची लस अंड्यात बनवतात असं कळल्यापासून मन घेत नाही. झाडातली लस म्हणजे पूर्ण शाकाहारी समजायची का?

उत्तर : प्रोटीनपुरतं म्हणाल तर हो. पण थोडं वाईट वाटेल असं सांगते. कॅनडात मंजूर झालेली झाडातली कोविडची लस एका जोडीदार औषधाबरोबर मिसळून द्यायची होती, लसीचा असर वाढवणारं असं औषध, त्याला ॲडजुव्हंट म्हणतात. त्या ॲडजुव्हंटमध्ये स्क्वालीन नावाचं तेल असतं, आणि लसींसाठी हे तेल बहुतेक शार्क माशाच्या लिव्हरमधून काढत आलेत. म्हणजे पान शाकाहारी आणि तेल समुद्रातलं. ऊस आंबवून वगैरे स्क्वालीन बनवायचे प्रयत्न चालू आहेत, पण लसीवर हिरवं पान छापलंय म्हणून आत सगळंच झाडाचं असेल असं धरू नका. बाकी घ्यायची की नाही हा तुमचा निर्णय, मी लसीच्या बाजूची आहे हे लपवत नाही.

प्रश्न : कॅनडाची लस कॅनडाची लस म्हणता, पण ती कुणी घेतल्याचं कधी ऐकलं नाही. तिचं पुढे काय झालं?

उत्तर : हीच सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट आहे. क्युबेक सिटीतली मेडिकागो नावाची कंपनी, बेंथीत व्हायरसची नुसती टरफलं बनवायची, आत काही नाही, वरून मात्र हुबेहूब व्हायरस. अशा टरफलाला शरीर फसतं आणि खऱ्यासाठी तयार होतं. २०१२ मध्ये अमेरिकन लष्कराच्या संशोधन संस्थेने, डार्पाने, त्यांची परीक्षा घेतलेली की महिन्याभरात फ्लूच्या लसीचे १ कोटी डोस बनतील का बघू, आणि त्यांनी तेवढं प्रोटीन खरंच बनवून दाखवलं. अंड्यातली लस म्हटली की पाचसहा महिने जातात, त्यामुळे हे फारच मोठं काम होतं. फ्लूच्या लसीची त्यांची मोठी ट्रायलही झालेली.

मग २०२० आलं. व्हायरसचा जनुकीय क्रम हातात आल्यावर २० दिवसांत यांची टरफलं तयार! २४ हजारांवर लोकांवर ट्रायल झाली, लक्षणं दिसणारा कोविड रोखण्यात जवळपास ७० टक्के परिणामकारक निघाली, आणि तेही नवनवे व्हेरियंट फिरत असताना. साध्या फ्रिजच्या तापमानाला, २ ते ८ अंशांना टिकायची. कोविफेन्झ नाव. २४ फेब्रुवारी २०२२ ला कॅनडाने १८ ते ६४ वयासाठी मंजूर केली. माणसासाठी झाडात बनलेली जगातली पहिली मंजूर लस.

आणि महिनाभरात घोळ. मेडिकागोमध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचे शेअर होते. जागतिक आरोग्य संघटनेचं धोरण आहे की तंबाखू उद्योगाशी संबंध ठेवायचा नाही, त्यामुळे त्यांनी ही लस आपल्या मान्य लसींच्या यादीत घेतली नाही. लक्षात घ्या, आक्षेप तंबाखूच्या झाडाला नव्हता, सिगारेटच्या पैशाला होता. यादीत नाही म्हणजे गरीब देशांना वाटायच्या लसींमध्येही नाही. इकडे तोवर एमआरएनए लसींनी बाजार भरून वाहत होता, आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन काढतानाही अडचणी येत होत्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये मालक कंपनी मित्सुबिशी केमिकलने मेडिकागोच बंद करायचं जाहीर केलं. २० वर्षांहून जुनी कंपनी, मंजूर झालेली लस, आणि ट्रायलबाहेर दंडात टोचून घ्यायला माणूसच मिळाला नाही.

मला धोरण चुकीचं वाटत नाही बरं का, सिगारेट विकणाऱ्याने एका हाताने फुफ्फुसं जाळायची आणि दुसऱ्या हाताने लस विकायची हे कुणाला पटेल. पण ते शेअर आधीच विकून टाकायला लावले असते तर? तेवढं मात्र मनात राहतंच.

प्रश्न : आमची शेती आहे. अशी औषधी पिकं करारावर लावायला मिळतील का, पैसा चांगला असेल ना?

उत्तर : उघड्या शेतात? मी तरी आशा लावणार नाही. २००२ ची अमेरिकेतली गोष्ट सांगते. प्रोडिजीन नावाची कंपनी मक्यात डुकरांच्या लसीसाठीचं प्रोटीन बनवत होती, शेतात, उघड्यावर. नेब्रास्कात एका शेतात आधीच्या वर्षी हा मका होता, पुढच्या वर्षी तिथे सोयाबीन घेतलं. आता गळून पडलेला दाणा पुढच्या हंगामात आपोआप उगवतो हे तुम्हाला मी काय सांगणार. तो उगवला, वेळेत उपटला गेला नाही आणि सोयाबीनबरोबर कापणीत गेला, गोदामात पोचला. तिथल्या ५ लाख बुशेल (धान्याचं अमेरिकन माप) सोयाबीनमध्ये ते मिसळलं आणि तो सगळाच माल नष्ट करावा लागला. कंपनीला अडीच लाख डॉलर दंड आणि वर निस्तरायचा खर्च साधारण ३० लाख डॉलर. आयोवात त्याच कंपनीच्या मक्यामुळे आसपासचा १५५ एकर मका जाळला, कारण मक्याचं परागकण वाऱ्यावर जातं आणि वाऱ्याला बांध कळत नाही.

त्यानंतर नियमही कडक झाले आणि कंपन्याही शहाण्या झाल्या. आता बहुतेक सगळं काम बंद ग्रीनहाऊसमध्ये, नाहीतर इमारतीत एलईडी दिव्यांखाली चालतं. काही ठिकाणी तर झाडच नसतं, नुसत्या पेशी द्रवात वाढवतात. त्यामुळे शेतकऱ्याला यात थेट फारसं काही नाही, आणि कुणी एजंट येऊन लसवाल्या रोपाचं बुकिंग घ्यायला लागला तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

प्रश्न : झाडातलं जनुक लसीतून आपल्या अंगात जाईल का? आणि ॲलर्जी?

उत्तर : जनुकाचं उत्तर सोपं, बाटलीत येतं ते शुद्ध केलेलं प्रोटीन, आणि प्रोटीनला आपल्या डीएनएत शिरता येत नाही. भाजीबरोबर आपण रोज अब्जावधी पेशींचा डीएनए खातो, अजून कुणाच्या कानातून कोथिंबीर उगवलेली नाही. जीएम यीस्टमध्ये बनलेली हिपॅटायटिस बीची लस १९८६ पासून माणसं घेतायत, तुम्हीही बहुतेक घेतली असेल.

ॲलर्जीचा प्रश्न मात्र चांगलाय. प्रोटीन तयार झाल्यावर पेशी त्याच्यावर साखरेचे छोटे छोटे झुपके लावते, आणि झाडाचे झुपके आपल्यापेक्षा वेगळे असतात, झायलोज आणि एका वेगळ्या जोडणीचं फ्युकोज. परागकणांची ॲलर्जी असणाऱ्या काहींच्या शरीरात या झुपक्यांना ओळखणाऱ्या अँटिबॉडी आधीच असतात. म्हणून ट्रायलमध्ये हे मुद्दाम बघितलं जातं, आणि हे झुपके लावूच न शकणारी बेंथीही बनवलीये. मेडिकागोच्या ट्रायलमध्ये यावरून मोठी अडचण काही आली नाही.

प्रश्न : इबोलाच्या वेळी तंबाखूतलं औषध दिलं होतं ना? ते लसच होतं का?

उत्तर : ती लस नव्हती, तयार अँटिबॉडी होत्या. लस शरीराला शिकवते, हे म्हणजे दुसऱ्याने सोडवलेला पेपर हातात देणं. झीमॅप नाव, तीन अँटिबॉडींचं मिश्रण, केंटकीमध्ये बेंथीत बनवलेलं. २०१४ मध्ये लायबेरियात इबोला झालेल्या दोन अमेरिकन आरोग्यसेवकांना ते दिलं, दोघं वाचले, आणि जगभर गाजावाजा झाला. साठा मात्र मूठभर, लगेच संपला. पण दोन माणसं वाचली म्हणजे औषध लागू पडलं असं होत नाही ना. ७२ रुग्णांच्या ट्रायलमध्ये झीमॅप मिळालेल्यांत २२ टक्के दगावले आणि न मिळालेल्यांत ३७ टक्के, फरक आशा वाटावी असा पण ठाम म्हणता येईल एवढा नाही. पुढे काँगोतल्या मोठ्या ट्रायलमध्ये दुसऱ्या दोन अँटिबॉडी औषधांनी त्याला सरळ मागे टाकलं, झीमॅपवर जवळपास निम्मे दगावले आणि त्या दोन्हींवर साधारण तिसरा हिस्सा. झाडाची चूक नव्हती त्यात, अँटिबॉडीच कमी पडल्या.

प्रश्न : सगळं वाचलं. आता एका शब्दात सांगा, झाडात बनलेलं एक तरी औषध चालू आहे का बाजारात?

उत्तर : आहे. (एका शब्दात सांगितलं, आता पुढचं ऐका.) गोशे नावाचा दुर्मिळ आजार आहे, शरीरात एक एन्झाइम कमी असतं. इस्राएलची प्रोटालिक्स कंपनी ते गाजराच्या पेशींमध्ये बनवते, मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये पेशी वाढवून. २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आणि मजा बघा, वर ज्या साखरेच्या झुपक्यांची तक्रार केली ना, इथे तीच कामाला आली. या एन्झाइमला योग्य पेशीत शिरायला मॅनोज ही साखर टोकाला लागते. प्राण्यांच्या पेशीत बनवलं की नंतर झुपके छाटत बसावे लागतात, गाजर ते आधीच हवे तसे करून देतं.

लसींमध्ये म्हणाल तर जनावरांकडे बघा. २००६ मध्ये अमेरिकेत कोंबड्यांच्या न्यूकॅसल रोगाची तंबाखूच्या पेशींतली लस मंजूर झाली, कंपनीने ती कधी विकलीच नाही तो भाग वेगळा. दक्षिण कोरियात डुकरांच्या स्वाइन फीव्हरची बेंथीतली लस मंजूर झालीये.

प्रश्न : ताई, मी बारावीला आहे, पुढे बायोटेक घ्यायचंय. मग तोंडाने घ्यायची झाडातली लस हा विषय संपला का? मला तोच करायचा होता.

उत्तर : अगं संपला कुठे, फळातून दाण्यात गेलाय. तांदळाबद्दल वाच. टोकियो विद्यापीठात हिरोशी कियोनो यांच्या गटाने कॉलऱ्याच्या विषाचा ‘बी’ (इंग्रजी B) नावाचा निरुपद्रवी भाग भाताच्या दाण्यात बनवलाय, म्युकोराइस म्हणतात. दाणाच का, तर भाताच्या दाण्यात प्रोटीन साठवायच्या घट्ट पुड्या असतात, त्या पोटातल्या ॲसिडला बऱ्यापैकी टिकतात आणि बाहेर फ्रिजशिवाय वर्षावर राहतात. म्हणजे केळ्याच्या दोन अडचणी इथे दाण्यानेच सोडवल्या. डोसची अडचण कशी सोडवली, तर हा तांदूळ शिजवून भात म्हणून खायचाच नाही. बंद जागेत पाण्यावर वाढवलेल्या भाताचे दाणे दळून पीठ करायचं, त्यातलं प्रोटीन मोजायचं आणि ठरलेलं वजन पाण्यात कालवून प्यायचं. कारखान्यातली गोळी जेवढी मोजून मापून असते तेवढंच हे.

पहिली माणसांवरची ट्रायल २०२१ मध्ये छापून आली, ६० जण, १, ३ आणि ६ ग्रॅम असे गट, दोन दोन आठवड्यांनी चार वेळा प्यायचं. त्रास फारसा कुणाला झाला नाही आणि ६ ग्रॅमवाल्यांत अँटिबॉडी सगळ्यात चांगल्या वाढल्या. पण काही जणांच्यात काहीच हललं नाही. तेच पीठ, तेच वजन, तरी नाही. मग त्यांनी सगळ्यांच्या आतड्यातले बॅक्टेरिया तपासले, तर ज्यांच्या आतड्यात बॅक्टेरियांचे जास्त प्रकार नांदत होते त्यांना लस जास्त लागलेली निघाली.

तुला विषय हवा होता ना, हा घे. झाडाकडून प्रोटीन काढून घेणं आता बऱ्यापैकी जमलंय, समोरच्याच्या पोटात ते कुणाला लागेल आणि कुणाला नाही हे आधी ओळखणं जमलेलं नाही. आणि बायोटेक घेतलंस की पहिल्याच वर्षी बेंथीची चार पानं फाडून बघ, टाचणी बोथट असू दे.